मोडीत घालण्याआधी : पणजीच्या भांड्याकुंड्यांचा माग कसा काढायचा

आमच्याकडे एक पितळी परात आहे. काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं आहे आणि ते आमच्या घराण्यातल्या कुणाचंच नाही. वर्षानुवर्षं आम्ही तिच्यात कणीक मळली आणि कुठल्याशा लग्नात भांड्यांची अदलाबदल झाली असणार अशी स्वतःची समजूत घातली. सदाशिव पेठेतल्या वाड्यांत कार्याला एकमेकांची भांडी नेत, म्हणून तर नावं घालायची पद्धत. मग आजीची ट्रंक रिकामी करताना तळाच्या वर्तमानपत्राखाली अर्धा ताव निघाला. पणजीने कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या अकरा ओळी. सातवी ओळ अशी : 'मोठी परात वरचे माडीवरील काकूंची. परत करू नये असे त्याच जाताना बोलल्या. सबब धाकटीस द्यावी.'

म्हणजे माडीवरच्या काकूंनी ती पणजीला दिली, आणि पणजीने धाकट्या सुनेला. एका परातीत दोन बायकांची निरवानिरव, आणि त्यासाठी कुणी वकिलाचा जिना चढलं नाही.

त्या कागदानंतर मी चार-पाच वर्षं आमच्या आणि ओळखीच्यांच्या घरातल्या भांड्यांमागे लागले आहे. त्यातून जी रीत हाताला लागली ती इथे लिहिते. हे पुण्यातल्या घरांपुरतं आहे, पण सातारा-नाशिककडच्यांनाही बरंचसं लागू पडावं.

आधी एवढं लक्षात घ्या

जुन्या काळच्या बाईकडे 'तिचं' म्हणावं असं फार थोडं असे. वाडा नवऱ्याचा, शेत सासऱ्याचं. विधवेच्या हाती नवऱ्याची इस्टेट आलीच, तरी ती हयातीपुरती. आपल्यामागे कुणाला द्यायची हे ठरवायची तिला मुभा नव्हती. ते बदललं १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला तेव्हा. त्याच्या कलम १४ ने बाई आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण झाली. तोवर तिच्या हक्काचं म्हणजे स्त्रीधन : लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, माहेराहून निघताना दिलेलं, नवऱ्याने प्रेमाने घातलेलं. तेही कुणाला जाणार हे बरंचसं ठरलेलं. याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका आपल्याकडे प्रमाण मानली जाई, आणि तिच्यानुसार स्त्रीधनावर पहिला हक्क मुलीचा. मुलींतही आधी लग्न न झालेलीचा.

मृत्युपत्र म्हणाल तर मुंबई शहरात १८७० च्या कायद्याने हिंदूंना ते लेखी करावं लागे. पुण्याला तो कायदा लागू नव्हता. इथे १ जानेवारी १९२७ पर्यंत तोंडी सांगून गेलेलंही चालत असे. त्या तारखेपासून लेखी मजकूर, सही आणि दोन साक्षीदार आवश्यक झाले. त्यामुळे तुमच्या पणजीचं किंवा खापरपणजीचं मृत्युपत्र सापडलं नाही म्हणून तिने काहीच ठरवलं नव्हतं असं धरू नका. ते भांड्यावर असेल, सोनाराच्या चिठ्ठीवर असेल, नाहीतर एखाद्या आत्याच्या डोक्यात. म्हणून मी कागदापासून सुरुवात करत नाही. आधी भांडं, मग माणसं, कागद शेवटी.

पायरी पहिली : हात आवरा

माळा आवरायला घेतला की तांब्यापितळेचा ढीग होतो आणि कुणीतरी म्हणतं, 'मोडीत घालू या, किलोवर चांगला भाव येतो.' घाला, पण महिनाभर थांबून. मोडी लिपी वाचता येत नसली तरी चालेल, मोडीत काढणं तेवढं थांबवा.

दुसरं, घासू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. आजीची एक कासंडी काळीकुट्ट झाली होती. एका दुकानात मशीनवर पॉलिश करून आणली. सोन्यासारखी झळकली, आणि काठाखाली जी पुसट टिंबं बोटाला लागायची ती गुळगुळीत झाली. तिथे काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही. चिंच, राख, पीतांबरी, काहीही लावायच्या आधी पुढची पायरी करा. कल्हईसुद्धा नंतर.

पायरी दुसरी : भांडं वाचा

नाव कुठे असतं? परातीच्या काठावर, तपेल्याच्या आणि पातेल्याच्या गळ्याखाली, तांब्याच्या पोटावर, समईच्या बैठकीवर, डब्याच्या झाकणाच्या आतून. घंगाळाच्या कड्यांपाशी मात्र बघायचं राहून जातं. ताम्हन-पळी उलटी करून पाहा.

दिवसा खिडकीपाशी अक्षरं दिसत नाहीत. रात्री दिवा बंद करून मोबाईलची टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. टिंबांच्या सावल्या पडतात आणि अक्षर उठून येतं. तरी जमलं नाही तर चिमूटभर पांढरी रांगोळी बोटाने त्या जागेवर चोळा आणि कोरड्या फडक्याने वरवर पुसा. खळग्यांत पूड राहते. तिसरा उपाय पतंगाच्या कागदाचा. तो नावावर ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. हा ठसा जपून ठेवा, फोटोपेक्षा तो जास्त कामाला येतो.

अक्षरांची जातही बघा. खिळ्याने ठोकून घातलेलं नाव टिंबाटिंबांचं असतं, ओळ थोडी वाकडी जाते आणि 'श्री'चा शेवट कधीकधी काठाबाहेर ओघळतो. मशीनने घातलेलं नाव सलग रेघेचं, नागमोडी थरथरीचं असतं आणि ते बरंच अलीकडचं. भांडं मठारलेलं असेल, म्हणजे अंगावर हातोडीचे सारखे खळगे असतील, तर ते हातघडणीचं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत एखाद्या जुन्या कारागिराच्या हातात द्या. झाळ कशी आहे, बूड कसं बसवलंय, हे पाहून तो जे सांगेल ते पुस्तकात सापडत नाही.

आता नावाच्या आधीची अक्षरं. खरी मेख इथे आहे.

'चि. सौ. कां.' म्हणजे लग्न ठरलेली किंवा बोहल्यावरची मुलगी. भांडं रुखवतातलं किंवा आहेरातलं. 'सौ.' म्हणजे संसारातली. 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी, विधवा. एकाच बाईच्या नावाची तीन भांडी तीन उपाध्यांची मिळाली तर तुम्हाला तिच्या आयुष्याचे तीन तुकडे मिळाले. नुसतं 'चि.' आणि मुलाचं नाव असेल तर बारसं किंवा मुंज. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, पुरुष देणारा. नावापुढे 'यांजकडून' आहे की 'यांस' आहे तेही नीट वाचा. एका अक्षराच्या चुकीने देणारी आणि घेणारी यांची अदलाबदल होते आणि पुढचा सगळा माग उलटा जातो.

'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' असं लिहिलेला तांब्या किंवा फुलपात्र दिसलं की लोक लगेच म्हणतात, ही पणजीने ठेवलेली वस्तू. नाही. ती वस्तू पणजी गेल्यावर घरच्यांनी तिच्या नावाने वाटलेली. तशाच आकाराची आणि तशाच मजकुराची भांडी चार नातेवाईकांकडे निघतील. याने तिची इच्छा कळत नाही. पण घरच्यांनी त्या वेळी कुणाकुणाला आपलं मानलं त्याची यादी मात्र आयती मिळते.

तसंच वाणाचं. संक्रांतीला बायका हळदीकुंकवात वस्तू लुटायच्या, वाट्या, डब्या, निरांजनं. आजही लुटतात, फक्त आता प्लॅस्टिक असतं. घरात एकाच ठशाच्या पाच वाट्या पाच वेगळ्या नावांच्या असतील तर तो मैत्रिणींचा गोतावळा. नात्यागोत्यात न बसणाऱ्या बायका भेटतात त्या इथेच. शेजारीण, शाळेतली सोबतीण, देवळातली ओळख. कागदपत्रांत या सापडणार नाहीत.

एखाद्या भांड्यावर दोन नावं दिसतील, एक खोडलेलं. खोडलेल्या नावावर घाव कसे आहेत ते बघा. सावकाश एकेक टिंब बुजवलं असेल तर रीतसर दिलेलं. ओबडधोबड छिन्नी फिरवली असेल तर मला शंका येते, पण सिद्ध काही करता येत नाही.

हे करताना वस्तूचं नाव नक्की नसेल तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी असलं घरगुती सामान गावोगाव हिंडून जमवलं आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते संग्रहालय केलं. आमच्याकडची एक लोंबती वस्तू आम्ही 'काहीतरी देवाचं' म्हणत होतो. ती लामणदिव्याची साखळी निघाली, दिवाच गेलेला.

पायरी तिसरी : तिची नावं किती?

बहुतेक जण इथेच अडकतात. पुण्यातल्या अनेक घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचं. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मीबाई व्हायची. त्यात घरात कुणी तिला नावाने हाक मारत नसे. ती दिरांची वहिनी, पुतण्यांची काकू, स्वतःच्या मुलांचीसुद्धा वहिनीच, कारण मुलं दिरांचं ऐकून म्हणायला शिकली. नातवंडांची माई. एका कागदावर गोदूताई, दुसऱ्यावर लक्ष्मीबाई, तिसऱ्यावर वहिनी : बाई एकच.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने पाडा : माहेरचं नाव, सासरचं नाव, घरातली हाक, बाहेरची हाक. घरातल्या प्रत्येक बाईसाठी हे भरा. माहेरचं आडनाव विसरू नका. तिच्या भावंडांच्या घरी तुम्हाला पुढे जावं लागणार आहे. आमच्या परातीवरचं नाव आम्हाला परकं वाटलं ते यामुळेही. माडीवरच्या काकूंना सगळे काकूच म्हणत, त्यांचं खरं नाव वाड्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

पायरी चौथी : माणसं

जाताना भांडं घेऊन जा. निदान फोटो. रिकाम्या हाताने जाऊन 'पणजीने कुणाला काय दिलं?' असं विचारलंत तर समोरची मावशी सावध होते; वाटणीचा जुना काटा असतो, तो दुखतो. त्याऐवजी विचारा, 'ही कासंडी कुठे ठेवायचे हो?' बाईची आठवण जागेनुसार चालते. फडताळाच्या वरच्या फळीवर, माजघरातल्या कोनाड्यात, शिंक्याखाली, बंबाच्या मागे. जागा सांगता सांगता ती वस्तू कुणी वापरली, मग कुणी नेली, हे ती न विचारता सांगते.

जावाजावांना एकत्र बसवू नका. एकीच्या देखत दुसरी गप्प बसते किंवा फार बोलते. किमतीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा आणि फोन भांड्यांच्या शेजारी ठेवून विसरून जा.

आणि फक्त नातेवाइकांकडे जाऊ नका. जुन्या वाड्यातले भाडेकरू, धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईची लेक, घरच्या गुरुजींचं कुटुंब, यांच्याकडेही विचारा. नऊवारी लुगडी, धाबळी, पाट, सूप अशा वस्तू तिकडे गेलेल्या असतात. जाण्याआधी तिने देवाला काही दिलं असेल, तर देवळातल्या समया आणि घंटा पाहा. आमच्या ओळखीच्या एकांना आजीचं नाव पेठेतल्या एका छोट्या देवळातल्या समईवर मिळालं. घरातलं कुणी त्या देवळात कधी गेलेलं नव्हतं.

पायरी पाचवी : कागद

आता ट्रंक उघडा. लॅमिनेट करायचं नाही, सेलोटेप लावायची नाही. घडी मोडत असेल तर तशीच ठेवून फोटो काढा. कागद सुती रुमालात बांधा, सोबत वेखंडाची पुरचुंडी टाका. जुनी दफ्तरं रुमालातच बांधलेली असत, उगाच नव्हे.

कोणते कागद शोधायचे? मृत्युपत्र सापडेल या आशेवर राहू नका. हिशेबाच्या वह्या, सोनाराच्या चिठ्ठ्या, लग्नातल्या आहेराच्या याद्या, माहेरची पत्रं, पंचांगाच्या समासातल्या नोंदी. आहेराची यादी सगळ्यांत मोलाची, कारण वस्तू घरात कधी आली हे तिथे कळतं.

जुना घरगुती कागद मोडी लिपीत असण्याची शक्यता बरीच. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आधी सबंध ओळ आखून मग तिच्याखाली अक्षरं लटकवतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. स्वतः शिकायची तयारी असेल तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली काढलेली ही संस्था. घरगुती यादीसाठी थेट पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराकडे धावू नका. पूर्वजांना इनाम-वतन असेल तर तिकडे काही मिळेल, परातीचा पत्ता तिथे लागणार नाही.

तारीख शकात असेल तर ७८ मिळवा. पण पौष-माघ-फाल्गुनाचा कागद जानेवारी उजाडल्यानंतरचा असला तर ७९. शके १८५२ चा चैत्र म्हणजे १९३०, त्याच शकाचा फाल्गुन म्हणजे १९३१. फार जुना, पेशवाईतला कागद असेल तर साल अरबी आकड्यांच्या शब्दांत येईल : 'इसन्ने सबैन मया व अलफ'. दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२. हा सुहूर सन. यात ५९९ मिळवून १७७१ येतं. साल मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, पुढच्या मृगापर्यंत चालतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे.

आकडे वाचताना उभ्या रेघांवर लक्ष ठेवा. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '४॥' म्हणजे साडेचार. आमच्या एका भाचीने तो ४११ वाचला आणि पणजीकडे चारशे अकरा तोळे सोनं होतं अशी बातमी दोन दिवस कुटुंबाच्या ग्रुपवर फिरली.

सोन्याचं वजन : ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. आजचा सोनार बोलताना तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा, हे विसरलात तर हिशेब चुकतो. चिठ्ठीवर 'पाटल्या जोड, ४ तोळे ३ मासे २ गुंजा' असेल तर ते जवळजवळ ४९.८ ग्रॅम होतात. भांड्यांचं वजन शेरात असेल तर ८० तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. पण गावागावचे शेर वेगळे असत, म्हणून प्रत्यक्ष काट्यावर ठेवून पडताळा. वजन जुळलं तर चिठ्ठीतली परात हीच, असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. रुपये-आणे-पै असेल तर भाव बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. नया पैसा त्या दिवशी आला.

खरंच मृत्युपत्र हाती आलं तर त्याचा साचा ओळखीचा असतो : 'कारणे मृत्युपत्र लिहून ठेविते ऐसी जे', पुढे 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने'. हा भाग लिहिणाऱ्या कारकुनाचा, त्यात बाई नाही. बाई सापडते ती जिथे साचा मोडतो तिथे. आणि तळाशी. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची खूण नांगराची, बाईची बांगडीची. कागदाच्या शेवटी शाईने काढलेलं एक वेडंवाकडं वर्तुळ आणि शेजारी दुसऱ्याच्या अक्षरात 'निशाणी बांगडी' असं दिसलं, तर ते डाग समजून सोडू नका. ती तिची सही आहे.

नोंदणीकृत मृत्युपत्र असेल असा सुगावा लागला तर दुय्यम निबंधक कार्यालयात ते पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतं. ते पुस्तक तुम्हाला स्वतः चाळता येत नाही, शोध कार्यालयातलेच घेतात. करणारी हयात असेपर्यंत नक्कल तिला किंवा तिच्या मुखत्यारालाच मिळते. गेल्यावर कुणालाही अर्ज करता येतो. तिचं सासरचं नाव आणि अंदाजे वर्ष घेऊन जा. खेटे पडतील, तयारी ठेवा.

पायरी सहावी : जे नाही ते का नाही?

चिठ्ठीत आहे आणि घरात नाही, अशी वस्तू निघाली की घरात पहिला संशय कुठल्यातरी काकांवर जातो. त्याआधी पुण्याचा इतिहास आठवा.

१८९७ च्या प्लेगात गोरे सोल्जर घरं तपासायला शिरले, सामान रस्त्यावर आलं, काही जाळलं गेलं. माणसं घरं बंद करून गावाबाहेर झोपड्यांत राहिली. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात गेले. कागद तर चिखलाबरोबर गेलेच. पुण्यात 'पानशेतात गेलं' हे उत्तर इतकं सोयीचं आहे की ते मिळाल्यावर वाडा कोणत्या गल्लीत होता आणि तिथे पाणी किती चढलं होतं हे विचारून घ्यावं. पुढच्याच वर्षी चीनचं युद्ध, संरक्षण निधी, पुन्हा सोनं. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वर नवे दागिने घडवायला बंदी झाली. भीतीने काहींनी मोडले, काहींनी पुरले, काहींनी लेकीकडे गुपचूप पोचवले.

आणि मग स्टील. तांब्यापितळेला कल्हई लागते, घासायला वेळ लागतो. बोहारीण जरीच्या लुगड्यांवर स्टीलची पातेली देऊ लागली तेव्हा आमच्या आजीने पणजीचा शालू देऊन एक डबा घेतला. मला वाईट वाटतं. आजीला कधी वाटलं नाही. तो डबा ती हयातभर वापरत होती.

पायरी सातवी : तक्ता मांडा, मग यादी वाचा

वस्तू, धातू, वजन, वरचा मजकूर, कुणाकडून आली, कुणाकडे गेली, हे कुणी सांगितलं. शेवटचा रकाना टाळू नका. दोघींनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा.

मग वाचताना महागाकडून स्वस्ताकडे या. सोन्याची वाट रीतीने आणि धर्मशास्त्राने घातलेली होती : नथ लेकीला, घरचे तोडे थोरल्या सुनेला. तिथे बाईची स्वतःची निवड फारशी दिसत नाही. ती दिसते विळीत, पाटात, परातीत. आमच्या अकरा ओळींत सोनं पहिल्या तीन ओळींत उरकलं आहे, नुसती वजनं आणि नावं. त्यानंतर पणजी बोलायला लागते. 'विळी थोरलीस, तिलाच धार राखता येते.' 'पाट दोन, ज्याने आजारात रात्री पाणी दिले त्यास.' हा 'ज्याने' कोण हे आम्हाला सापडलेलं नाही. मधल्या मुलाचं नाव अकरा ओळींत कुठेच नाही. त्याच्या नातवाशी मी बोलले तेव्हा तो म्हणाला, 'आमच्याकडे पणजीचे दोन पाट आहेत की.'

पायरी आठवी : आता तुमची यादी

इथे थोडक्यात सांगते. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखा वाटा मिळतो. परातीचे चार सारखे वाटे कसे करणार? म्हणून लिहा. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तुमची सही आणि तुम्ही सही केलीत हे पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही देणार त्यांना साक्षीला घेऊ नका, उद्या कुणी बोट दाखवायला नको. घर-पैसा मुख्य मजकुरात आणि भांडीकुंडी-साड्या परिशिष्टात घ्या. परिशिष्टाचा उल्लेख मजकुरात असू द्या आणि प्रत्येक पानावर सही करा. वाद होण्यासारखं काही असेल तर वकिलाला दाखवा.

पण भांड्यांपुरतं माझं मत विचाराल तर हातानेच द्या. हलवता येणारी वस्तू बक्षीस द्यायला नोंदणीची गरज नसते, हातात ठेवली की दिली गेली; १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदाच तसं म्हणतो. दिवाळीला, डोहाळजेवणाला, नातीच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. आणि यादीत 'कुणाला'च्या पुढे 'का' असा एक रकाना ठेवा. दोन शब्द पुरतात.

गेल्या पाडव्याला मी माझी यादी लिहिली. परात खालच्या मजल्यावरच्या मुलीला देणार आहे. नाशिकहून नोकरीसाठी आलेली, आमच्या पुरणपोळीच्या वेळी कणीक तीच मळते. 'का'च्या रकान्यात लिहिलंय : 'माडीवरच्या काकूंची आहे. वरचं नाव खोडू नये.'